सर्दीची गोळी आणि तिची गुंगी

परागकणांमुळे ठरावीक ऋतूत येणाऱ्या शिंका, नाक गळणे आणि डोळे चुरचुरणे या दुखण्याची पहिली नेमकी वैद्यकीय नोंद १८१९ साली लंडनमध्ये झाली. जॉन बोस्टॉक या डॉक्टराने दर जूनमध्ये स्वतःलाच होणाऱ्या त्रासाची हकिगत तिथल्या वैद्यक मंडळापुढे मांडली. पुढच्या नऊ वर्षांत त्याला असे जेमतेम २८ रुग्ण मिळाले, तेही सुखवस्तू घरांतले. दोष त्याने उन्हाळ्याला दिला. खरा गुन्हेगार शोधला मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने. त्यालाही हाच विकार होता. त्याने निरनिराळ्या गवतांचे पराग स्वतःच्या नाकात घालून पाहिले, कातडीवर ओरखडा काढून त्यावर चोळले, आणि चिकट द्रव लावलेल्या काचा पतंगाला बांधून हजार फुटांच्या वर चढवल्या. त्या काचांवर पराग सापडले. १८७३ मध्ये त्याचे पुस्तक आले. कारण कळले, पण उपाय हाती यायला आणखी सत्तर वर्षे गेली.

१९०७ मध्ये हिस्टामिन हे रसायन प्रथम प्रयोगशाळेत तयार झाले. ते टोचल्यावर श्वासनलिका आवळतात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो, हे हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० मध्ये दाखवले. ॲलर्जीत शरीर स्वतःच हिस्टामिन सोडते आणि ते पेशींवरच्या ठरावीक जागी जाऊन बसते, हे चित्र हळूहळू स्पष्ट झाले. मग ती जागाच अडवता येईल का, हा प्रश्न पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनियल बोव्हे आणि ॲन-मारी स्टाऊब यांनी हाती घेतला. १९३७ मध्ये त्यांना असे रसायन सापडले. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसे ते हिस्टामिनच्या आधी जाऊन बसत असे. मात्र ते माणसाला देण्याजोगे नव्हते, फार विषारी होते. माणसांवर चालणारे पहिले औषध, अँटरगन, १९४२ मध्ये युद्धकाळातल्या फ्रान्समध्ये आले. बोव्हेला १९५७ चे नोबेल मिळाले.

रुमाल टाकून जागा धरणारा उशिरा आला, तर आधी बसलेल्याला उठवू शकत नाही. म्हणूनच ही औषधे त्रास सुरू होण्याआधी किंवा अगदी सुरुवातीला घेतली तर चांगली लागू पडतात. चोंदलेल्या नाकावर त्यांचा फारसा जोर चालत नाही.

अमेरिकेत जॉर्ज रीव्हशलने तयार केलेले डायफेनहायड्रामिन १९४६ मध्ये बेनाड्रिल या नावाने बाजारात आले. त्याच सुमारास प्रोमेथाझिन, फेनिरामिन आणि क्लोरफेनिरामिन आली. यांतले फेनिरामिन म्हणजे अविल. अंगावर पित्त उठले की मराठी घरांत अजूनही हीच गोळी शोधली जाते. या पहिल्या पिढीची सगळी औषधे मेंदूत शिरतात आणि गुंगी आणतात. औषधकंपन्यांनी या अवगुणाचाही धंदा केला: डायफेनहायड्रामिन पुढे झोपेची गोळी म्हणून विकले गेले. जोडगुणांतून उपयोगी गोष्टीही निघाल्या. १९४७ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये ॲलर्जीसाठी याच वर्गातले ड्रामामिन घेणाऱ्या एका गरोदर स्त्रीच्या लक्षात आले, की ट्रॅममध्ये तिला नेहमी होणारी मळमळ थांबली आहे. ते औषध बोट आणि गाडी लागण्यावरचे झाले. प्रोमेथाझिनच्या घराण्यातून क्लोरप्रोमाझिन निघाले आणि मनोविकारांचा उपचारच बदलला.

जाहिरातदार मात्र याहून पुढे धावले. १९४९-५० मध्ये अमेरिकेत ॲलर्जीच्या या गोळ्या साध्या सर्दीचा नायनाट करतात असे छापून येऊ लागले, तेव्हा तिथल्या व्यापार आयोगाला कंपन्यांविरुद्ध कारवाई करावी लागली. साधी सर्दी विषाणूंची; ही औषधे ती बरी करत नाहीत. हा गैरसमज ७५ वर्षांनंतरही शाबूत आहे.

गुंगी न आणणारी गोळी हवी म्हणून आलेले टर्फेनाडिन १९८५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि तुफान खपले. मग एक ३९ वर्षांची स्त्री वारंवार बेशुद्ध पडू लागली. तिच्या हृदयाच्या आलेखात जीवघेणी अनियमितता दिसली. ती टर्फेनाडिनसोबत बुरशीवरचे कीटोकोनाझोल घेत होती. या औषधांच्या गाठीभेटीचा वृत्तांत १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. टर्फेनाडिन यकृतात गेल्यावर ताबडतोब दुसऱ्या, निरुपद्रवी रसायनात बदलते आणि ॲलर्जीवर काम तेच करते. कीटोकोनाझोल, एरिथ्रोमायसिन, इतकेच नव्हे तर ग्रेपफ्रूटचा रसही हा बदल अडवतो. मग मूळ औषध रक्तात साचते आणि हृदयाची लय बिघडवते. १९९२ मध्ये वेष्टनावर ठळक इशारा आला, १९९८ पर्यंत औषधच अमेरिकी बाजारातून गेले. १९९९ मध्ये त्याच कारणाने ॲस्टेमिझोलही गेले. यकृतात तयार होणारे ते निरुपद्रवी रसायन म्हणजे फेक्सोफेनाडिन. १९९६ पासून तेच गोळीच्या रूपात मिळते. ते मात्र फळांच्या रसासोबत घेतले तर कमी शोषले जाते, म्हणून पाण्याबरोबरच घ्यावे लागते.

सेटिरिझिन आणि लोराटाडिन याच दुसऱ्या पिढीतली. सेटिरिझिनने काहींना झापड येतेच. पण झापड जाणवणे हे भरवशाचे मोजमाप नाही. अमेरिकेतल्या आयोवामध्ये ४० जणांना वाहनाच्या सिम्युलेटरवर बसवून केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात डायफेनहायड्रामिन घेतलेल्यांचे वाहन चालवणे मद्य घेतले असतानापेक्षाही वाईट ठरले, आणि आपल्याला किती झोप येते आहे याचा त्यांचा अंदाज चालवण्याशी जुळला नाही. मद्य आणि जुनी गोळी एकत्र घेतली तर गुंगी आणखी वाढते. वयस्कांत जुन्या गोळ्यांनी लघवी अडते, गोंधळल्यासारखे होते. काचबिंदू असेल तर तो बळावू शकतो.

महाराष्ट्रात ऋतूची ॲलर्जी म्हटली की गाजर गवताचे नाव निघते. अमेरिकेतल्या शरदात शिंका आणणाऱ्या रॅगवीडचे हे नातलग १९५० च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात प्रथम नोंदले गेले. आयात गव्हाबरोबर ते आले असे मानले जाते. पुढच्या वीसेक वर्षांत पुणे परिसरात त्याने होणाऱ्या त्वचारोगाचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत आले.

भारतात औषध नियमांच्या परिशिष्ट ‘जी’मध्ये हिस्टामिन अडवणारी ही औषधे आहेत, म्हणजे वैद्यकीय देखरेखीविना घेणे धोक्याचे, असा इशारा वेष्टनावर छापावा लागतो. व्यवहारात मेडिकलच्या दुकानात पट्टीतून दोन गोळ्या कापून सहज मिळतात. लहान मुलांच्या सर्दीच्या पातळ औषधांत क्लोरफेनिरामिन आणि नाक मोकळे करणाऱ्या फेनिलेफ्रिनची जोडी सर्रास असे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी हे मिश्रण ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, आणि तसे बाटलीवर छापावे, असा आदेश काढला.