छऱ्याची बंदूक आणि लहान खांदा

आजचा विषय जरा चमत्कारिक वाटेल. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला नेमबाजी शिकवायची आहे, घरात पैसे बेताचे आहेत आणि हाताशी आहे ती स्वस्तातली छऱ्याची बंदूक, म्हणजे एअर रायफल. ती मोठ्या माणसाच्या मापाची आहे. मग ती मुलाच्या मापाची कशी करायची? हा सुताराचा प्रश्न झाला, यात इतिहास कुठून आला, असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं असं की ही बंदूक आपल्याकडे मोठ्या मापाची का आली, हे कळल्याशिवाय ती लहान करताना काय कापायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे कळत नाही.

सुरुवात आपल्या गावातूनच करू. अंबरनाथच्या शिवमंदिराची महाशिवरात्रीची जत्रा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. मंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. जत्रेत पाळणे, खेळणी, खाऊ आणि फुगे फोडायचा स्टॉल. या परिसरातल्या किती तरी लोकांनी आयुष्यातली पहिली बंदूक तिथेच धरली असेल. त्या स्टॉलवर काय घडतं ते नीट आठवून बघा. बंदूक स्टॉलवाला ताणतो. छरा तोच घालतो. मूल फार लहान असेल तर त्याला स्टुलावर उभं करतात, नळी समोरच्या फळीवर टेकवतात, आणि दस्ता खांद्याला न लावता काखेत दाबतात. मुलाच्या वाट्याला उरतं ते फक्त नेम धरणं आणि ट्रिगर ओढणं. लहान मुलासाठी बंदुकीची कामं वाटून घ्यायची ही पद्धत कुठल्याही प्रशिक्षकाने शोधली नाही, ती जत्रेत आपोआप तयार झाली. त्यातलं तीन चतुर्थांश बरोबर आहे. काखेत दाबणं तेवढं चूक. ते का होतं, याकडे पुढे येतोच.

आता जरा लांब, अमेरिकेत. मिशिगन राज्यात प्लिमथ नावाचं गाव आहे. तिथे १८८२ साली शेतीच्या पवनचक्क्या, म्हणजे वाऱ्यावर चालणारे पंप बनवणारी कंपनी निघाली. धंदा मंदावला तेव्हा १८८० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी पत्र्याची एक हलकी हवेची बंदूक बनवली आणि पंप घेणाऱ्या शेतकऱ्याला ती भेट द्यायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत पंपांपेक्षा बंदुकीलाच मागणी जास्त, अशी गत झाली. १८९५ मध्ये कंपनीने आपलं नावच बदलून त्या बंदुकीचं घेतलं : डेझी. ती बंदूक पहिल्यापासून पोराची होती. आखूड, हलकी, जोर कमी. जर्मनीत राश्टाट गावी १८९० मध्ये मायर आणि ग्रामेल्श्पाखर या दोघांनी कारखाना काढला. त्यांचा छाप डायना, रोमन लोकांची शिकारीची देवता. छापावरच्या चित्रात ही देवी आपलं धनुष्य फेकून देते आहे आणि तिच्या दुसऱ्या हातात छऱ्याची बंदूक आहे. जाहिरात म्हणून मला हे फार आवडतं. डायनाने मोठ्यांच्या रायफलींबरोबर मुलांसाठी छोटी मॉडेलं वेगळी काढली. इंग्लंडात लिंकन जेफ्रीज याच्या १९०४ च्या पेटंटवर बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने १९०५ पासून रायफली बनवल्या. त्या दमदार, लांब, मोठ्यांच्या.

आपल्याकडे यातलं काय आलं? स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत ज्या देशी एअर रायफली घरोघर दिसल्या, त्यात आयएचपी हा शिक्का जुन्या लोकांना आठवत असेल. आयएचपी म्हणजे इंडियन ह्यूम पाइप. वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये काढलेली, सिमेंटचे पाइप बनवणारी कंपनी. तिकडे पंपवाले बंदुकीत शिरले, इकडे पाइपवाले. या रायफली डायना ३५ च्या घाटणीच्या होत्या : नळी मधून मोडायची, स्प्रिंग ताणली जाते, छरा घालायचा, नळी बंद करायची. म्हणजे आपण घडण घेतली ती मोठ्यांच्या मॉडेलची. त्याची धाकटी भावंडं आपल्या बाजारात तशी रुळली नाहीत. गिऱ्हाइकाला एकच बंदूक परवडणार, ती वडिलांना चालली पाहिजे, शेतावर माकडं हाकलायला उपयोगी पडली पाहिजे, आणि पोरानेही तीच वापरायची. मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याने घालावा, तसं.

कायद्यानेही यात हातभार लावला, जरा वाकड्या वाटेने. १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९६२ चे नियम. कोणत्या एअर रायफलीला परवाना नको, हे ठरवायला नियमांत एक चाचणी दिलेली होती. ती ऐकण्यासारखी आहे. बारा इंच चौरस, एक इंच जाडीची लाकडी फळी घ्यायची. पाच फुटांवरून पाच वेगवेगळ्या जागी पाच छरे मारायचे. दोनपेक्षा जास्त छरे फळीच्या आरपार गेले तर बंदूक नापास. पुढे २०१६ च्या नियमांत हिशेब ज्यूलमध्ये आला : २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा व्यास असेल, तर परवाना हवा. यात कायद्याने मोजला तो फक्त जोर. बंदूक कुणाच्या हातात बसते, हा कायद्याचा प्रश्नच नव्हता. दुकानदारानेही तोच आकडा उचलला. दुकानात जा, पहिलं वाक्य ऐकाल : ‘साहेब, पॉवर बघा.’

आणि गंमत म्हणजे शिकणाऱ्या मुलाला पॉवर लागतच नाही. दहा मीटरवरच्या कागदी लक्ष्याला भोक पडलं की काम झालं. ऑलिंपिकमधली रायफल याच अंतरावर वापरतात. तिथलं लक्ष्य साडेपंचेचाळीस मिलिमीटरचं आणि दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. जर्मनीत विनापरवाना एअर रायफलीची मर्यादाच साडेसात ज्यूल आहे आणि तेवढ्यात जगातले उत्तम नेमबाज तयार होतात. म्हणून माझं मत विचाराल, तर मुलासाठी नवीकोरी दणकट रायफल घेण्यापेक्षा आजोबांची थकलेली, स्प्रिंग मऊ पडलेली बंदूक बरी. अट एकच, तिचा ट्रिगर शाबूत हवा.

आता काम कुणी करायचं? इथे आपला हा पट्टा उपयोगी पडतो. उल्हासनगर दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत वसलं. सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं तिथे राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी कोनशिला बसवून गावाला नाव दिलं. हातात काही नसताना दुसऱ्याची वस्तू बघून तशीच करून दाखवायची, ही कला तिथल्या लोकांनी पोटासाठी कमावली. ‘मेड इन यूएसए’चा विनोद तुम्हाला माहीत आहे, तो मी सांगत नाही. (हशा) पण तिथला फर्निचरचा बाजार बघा, लाकूडकामाचं कसब बघा. अंबरनाथला १९५० च्या दशकापासून आयुध कारखाना आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, दोन्ही सरकारी. त्याभोवती एमआयडीसीत लेथवाले, मिलिंगवाले. लांब आणि सरळ भोक पाडणं हे नळीच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. तशी यंत्रं बनवणारी प्रिसिहोल ही आपल्याच ठाणे-अंबरनाथ भागातली कंपनी, आणि त्याच घराण्यातून पुढे देशी स्पोर्ट्स एअर रायफली निघाल्या. बदलापुरातून रोज लोकलने कारखान्यात जाणारे फिटर-टर्नर तर कित्येक. म्हणजे बंदूक मुलाच्या मापाची करायला जे हात लागतात, ते आपल्या तीन स्टेशनांत आहेत. त्यांना सांगायचं काय, तेवढं कळायला हवं.

पहिलं काम दस्त्याचं. मुलाला कोपर काटकोनात वाकवायला सांगा, दस्त्याचं टोक कोपराच्या खळग्यात टेकवा. बोटाचं पेर ट्रिगरवर आरामात पोचलं पाहिजे. मोठ्यांच्या रायफलीत हे अंतर साधारण चौदा इंच असतं, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दहा-अकरा इंच पुरतं. चौदा इंचांची बंदूक त्याच्या हातात दिली की ते काय करतं? दस्ता खांद्यावरून सरकवून दंडावर घेतं किंवा काखेत घालतं, कमरेतून मागे झुकतं, मान वाकडी करतं. जत्रेतली काख आली ती इथून. एकदा ही सवय लागली की दोन वर्षं जातात ती मोडायला. म्हणून दस्ता मागून सरळ कापायचा, पण तुकडा टाकायचा नाही. त्याच्या अर्ध्या-पाऊण इंचाच्या चकत्या करून ठेवायच्या आणि मूल वाढेल तसा एकेक चकती लांब स्क्रूने परत बसवायची. टोकाला रबराचं पॅड. कापण्याआधी आतून जाणारा बोल्ट आणि मनगटाजवळचा बारीक भाग कुठे आहे ते बघायचं, सुताराला हे सांगावं लागतं. गाल टेकायची जागाही थोडी तासावी लागते, नाही तर बारीक चेहऱ्याच्या मुलाचा डोळा खाचेच्या रेषेत येत नाही.

दुसरं, वजन. ते पुढे असतं, नळीत, आणि नळी कापायची नाही. तेव्हा वजन मुलाने उचलायचंच नाही. टेबल, त्यावर वाळूची किंवा तांदळाची मऊ पिशवी, आणि मूल खुर्चीवर बसलेलं. पिशवी मऊच हवी. स्प्रिंगच्या बंदुकीत आतला दट्ट्या जोरात पुढे जातो, बंदूक आधी मागे आणि मग पुढे हलते, आणि कडक फळीवर टेकवली तर ती उडते. स्टॉलवर फुगा का चुकतो याचं अर्धं कारण हे. उरलेलं अर्धं स्टॉलवाल्यालाच विचारा.

आणि आता हात लावायचा नाही अशा गोष्टी. स्प्रिंग कापून जोर कमी करायचा सल्ला हमखास मिळतो, तो ऐकू नका. कापलेलं टोक आत वाकडं बसतं आणि सिलिंडर खरवडतं. मऊ स्प्रिंग हवीच असेल तर माहितगार कारागिराकडून ती बदलून घ्यावी, कारण दाबलेली स्प्रिंग उघडताना सुटली तर तोंड फोडते. ट्रिगर हलका व्हावा म्हणून त्याचं आतलं दात कानशीने घासणं, हे तर कुणीही, कधीही करू नये. घासलेला दात ताणलेल्या अवस्थेत आपोआप सुटतो. तेव्हा नळी मोडलेली असेल तर ती कोयत्यासारखी वर येते आणि छरा घालणारं बोट मध्ये असतं. म्हणूनच बंदूक ताणायची मोठ्याने, छरा घालेपर्यंत नळी घट्ट धरायची ती मोठ्यानेच. जत्रेतल्या स्टॉलवाल्याने जे चालवलं आहे तेच. डोळ्यांना चष्मा, लक्ष्यामागे जुन्या कपड्यांनी गच्च भरलेली लाकडी पेटी, आणि छरे शिशाचे असतात म्हणून नंतर साबणाने हात.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली, ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने. रत्नागिरीकडचं घराणं, कर्मभूमी अहमदाबाद. राष्ट्रीय स्पर्धेआधीच्या स्पर्धेला आजही नेमबाज ‘मावळंकर’ म्हणूनच ओळखतात. हा खेळ राजेरजवाड्यांच्या शिकारखान्यातून बाहेर यावा, ही गरज तेव्हापासूनची. तरी दरी राहिलीच. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकलं, त्याच्या घरी स्वतःची रेंज होती. स्वप्निल कुसाळे कोल्हापुरातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा, क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य आणलं. अंजली भागवत एनसीसीतून आल्या. म्हणजे दुसरी वाट आहे, पण तिच्या तोंडाशी कुणी तरी मुलाच्या हातात बंदूक द्यावी लागते. परदेशी स्पर्धेची रायफल आज लाखांत जाते, आणि तिच्यात दस्ता मागे-पुढे करायची सोय कारखान्यातूनच येते. गरीब घरच्या मुलाला ती सोय करवतीने मिळते, इतकाच फरक. शालेय स्पर्धांत ‘ओपन साइट’ हा प्रकार आहे, साध्या माशी-खाचेच्या रायफलीचा. देशी बंदूक घेऊन रांगेत उभं राहायला ती एक जागा आहे.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे : ‘किती वर्षांपासून सुरू करावं?’ जर्मनीत एअर रायफलीसाठी देखरेखीखाली बारा वर्षांची अट आहे, त्याआधी विशेष परवानगी लागते, आणि त्याहून लहान मुलं छरा नसलेल्या, प्रकाशाचा किरण सोडणाऱ्या बंदुकीवर शिकतात. आपल्याकडे आठव्या वर्षी हौस असेल, तर मी वय विचारत नाही, एक गोष्ट बघतो. ‘थांब’ म्हटल्यावर मूल त्याच क्षणी बोट ट्रिगरवरून काढतं का? काढत नसेल, तर पुढच्या वर्षी या. काढत असेल, तर पहिला महिना छऱ्यांशिवाय. पण लक्षात ठेवा, स्प्रिंगची बंदूक छरा न घालता उडवायची नसते, दट्ट्या खराब होतो. तेव्हा ती ताणायचीच नाही. पिशवीवर ठेवायची, गाल टेकायचा, माशी खाचेत बसवायची आणि श्वास सोडून ती तशीच धरायची. दिवसाला दहा मिनिटं पुरे.