दमसासाचा हिशेब : महाविद्यालयीन बास्केटबॉल आणि त्याची संगणकीय प्रतिकृती

थकवा ही मोजण्याजोगी गोष्ट आहे, हे विज्ञानाने ज्या सुमारास मान्य केले त्याच सुमारास बास्केटबॉलचा जन्म झाला. इटलीतील तुरिन येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोसो यांचा थकव्यावरील ग्रंथ 1891 साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या ‘एर्गोग्राफ’ या उपकरणात माणसाने एका बोटाने ठरावीक लयीत वजन उचलत राहायचे आणि प्रत्येक उचल किती उंच गेली याची नोंद फिरत्या नळकांड्यावर उमटत जायची. त्यामुळे दमत चाललेल्या स्नायूची उतरती रेघ कागदावर पाहता येऊ लागली. ही रेघ प्रत्येक माणसाची निराळी असते, आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकाचे बोटही एरवीपेक्षा लवकर थकते, असे मोसो यांच्या प्रयोगशाळेत आढळले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी आपल्या 18 विद्यार्थ्यांसाठी 13 नियमांचा एक नवा खेळ तयार केला, आणि त्या नियमांतच पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव व मध्ये पाच मिनिटांची विश्रांती अशी तरतूद करून ठेवली. महाविद्यालयीन बास्केटबॉलचे सिम्युलेशन, म्हणजे संघ, खेळाडू आणि सामने यांची आकडेमोडीतून उभी केलेली संगणकीय प्रतिकृती, नेस्मिथ यांच्या खेळाचे नियम काटेकोरपणे पाळत आली. मोसो यांच्या रेघेशी मात्र तिचे नाते बराच काळ कामचलाऊच राहिले.

याचे मूळ खेळाच्या इतिहासात सापडते, कारण बास्केटबॉलच्या नियमांतील अनेक बदल थकव्याच्या वाटणीशी निगडित आहेत, जरी ते त्या नावाने केले गेले नाहीत. आरंभीच्या काळात मैदान सोडून गेलेल्या खेळाडूला त्या सामन्यात परत येता येत नसे, त्यामुळे दमलेल्या खेळाडूला बाहेर बोलावणे म्हणजे त्याला कायमचे गमावणे होते आणि खेळाडू आपला दम मैदानातच, चालता-थांबता, भरून काढत. 1920-21च्या हंगामापासून त्याला एकदा परत येण्याची मुभा मिळाली, 1933-34पासून दोनदा, आणि 1944-45पासून खेळाडू हवे तितक्या वेळा बदलता येऊ लागले. खो-खोत पळती करणारे तीन-तीनच्या तुकडीने आत उतरतात, त्यामुळे दमाची वाटणी नियमानेच करून दिलेली असते. बास्केटबॉलमध्ये ती जबाबदारी 1944नंतर पूर्णपणे प्रशिक्षकाच्या अंगावर आली. दरम्यान 1937-38 साली आणखी एक बदल झाला होता. त्याआधी प्रत्येक गोल झाल्यावर चेंडू मध्यवर्तुळात आणून दोन खेळाडूंमध्ये उंच उडवला जाई, आणि तेवढ्या वेळात बाकीच्या आठ जणांना श्वास घेता येई. ही प्रथा बंद झाल्यावर गोल होताच चेंडू रेषेबाहेरून लगेच खेळात येऊ लागला आणि खेळ सलग धावपळीचा झाला. नेस्मिथ यांना हा बदल रुचला नव्हता. दमाच्या बाजूने पाहिले तर आजचा बास्केटबॉल 1891पेक्षा 1937चे अपत्य अधिक आहे.

पुढे दूरचित्रवाणीने हिशेब पुन्हा बदलला. पुरुषांच्या महाविद्यालयीन सामन्यात वीस मिनिटांचे दोन डाव असतात, आणि प्रक्षेपित होणाऱ्या सामन्यांत डावाची 16, 12, 8 आणि 4 मिनिटे उरली की त्यानंतर खेळ जिथे प्रथम थांबेल तिथे जाहिरातींसाठी विश्रांती दिली जाते. मुरलेले प्रशिक्षक या वेळापत्रकाचा फायदा घेतात. घड्याळात साडेबारा मिनिटे उरलेली असताना मुख्य खेळाडूला बाकावर बसवायचे आणि जाहिरातींनंतर पुन्हा उतरवायचे, म्हणजे सामन्याचे जेमतेम अर्धे मिनिट खर्ची घालून त्याला भिंतीवरच्या घड्याळाची तीन-चार मिनिटे विश्रांती मिळते. जी प्रतिकृती फक्त सामन्याचे घड्याळ पाहते तिला हे अर्धे मिनिट अर्धेच दिसते, आणि तिच्यातला खेळाडू विनाकारण दमलेला राहतो. हा दोष किरकोळ वाटला, तरी चाळीस मिनिटांत अशा आठ विश्रांती येऊ शकतात हे लक्षात घेतल्यावर तो किरकोळ राहत नाही.

थकव्याची बातमी कोणी द्यायची, हा प्रश्न याहून अवघड आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे 1961 ते 1997 या काळातील प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी त्याचे जे उत्तर शोधले ते या इतिहासातले कदाचित सर्वांत शहाणपणाचे आहे. त्यांच्या संघात दमलेल्या खेळाडूने मूठ वर करून खूण करायची असे. खूण करून बाहेर आलेल्या खेळाडूला दम भरून आल्यावर स्वतःहून परत उतरण्याचा अधिकार मिळे, पण खूण न करता तसाच रेंगाळणारा खेळाडू प्रशिक्षकाला दिसला आणि त्यांनी त्याला बाहेर काढले, तर परत कधी उतरायचे हे प्रशिक्षकच ठरवत. थकवा लपवण्यात खेळाडूचा तोटा आणि तो कबूल करण्यात फायदा, अशी ही व्यवस्था होती. तिच्यामागे एक गृहीत होते, ते असे की खेळाडूचा खरा थकवा बाहेरून पुरता दिसत नाही. आणि संगणकीय खेळ नेमके याच्या उलट गृहीत धरून चालले.

1983 साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ज्युलियस अर्व्हिंग आणि लॅरी बर्ड यांच्यातील एकास-एक लढतीचा जो खेळ बाजारात आणला, त्यात खेळाडूच्या दमाची पट्टी पडद्यावर दिसत असे आणि धावपळ वाढली की ती घटत जाई. ही पट्टी पुढे क्रीडाखेळांत रूढ झाली. महाविद्यालयीन संघ चालवण्याच्या ‘हूप्स डायनेस्टी’ या संकेतस्थळावरील खेळात प्रत्येक खेळाडूच्या दमसासाला एक गुणांक असतो, आणि कोणाला कितपत दमल्यावर बाहेर काढायचे किंवा साधारण किती मिनिटे खेळवायचे हे प्रशिक्षकाच्या भूमिकेतल्या माणसाने सामन्याआधी ठरवून द्यायचे असते. ‘बास्केटबॉल जीएम’ हा खेळ महाविद्यालयीन नव्हे, पण त्याची संगणकीय संहिता कोणालाही वाचता येते म्हणून त्याचे उदाहरण उपयोगी पडते : त्यात प्रत्येक खेळाडूजवळ शून्य ते एक यांमधली एक ऊर्जासंख्या असते, मैदानात ती घटते, बाकावर वाढते, आणि कौशल्याला तिने गुणून जो आकडा येतो त्यावरून कोणाला बदलायचे ते ठरते. रचना सुटसुटीत आहे आणि बहुतेक सामन्यांत पटण्याजोगे निकाल देते, परंतु तिच्यात थकवा एकच आहे.

शरीरात तो एक नसतो. जोरदार उडी किंवा छोटी धाव यासाठी स्नायू फॉस्फोक्रिएटिन या रसायनाचा साठा वापरतात. तो काही सेकंदांत उतरतो, पण अर्ध्या मिनिटाच्या आसपास निम्मा आणि काही मिनिटांत जवळजवळ पूर्ण भरून येतो. ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, सावकाश उतरते आणि भरून यायला साधारण एक दिवस घेते. पहिल्या साठ्याची तूट म्हणजे खेळाडूला लागलेला दम, जो मुक्त फेकीच्या वेळी थोडा ओसरतो. दुसऱ्याची तूट म्हणजे उत्तरार्धात पायांत उतरणारा शीण, ज्यावर जाहिरातींच्या विश्रांतीचा उपाय चालत नाही. वास्तवाच्या जवळ जायचे तर प्रतिकृतीला हे दोन साठे वेगळे ठेवावे लागतात. आयोवातील ग्रिनेल महाविद्यालयाच्या संघाने डेव्हिड आर्सेनो यांच्या प्रशिक्षणाखाली मिनिटभराच्या आत पाचही खेळाडू बदलत राहण्याची पद्धत रूढ केली, तिचा उलगडा पहिल्या साठ्याशिवाय होत नाही.

दुसरी अडचण आकड्यांच्या उगमातच आहे. खऱ्या हंगामावर बेतलेल्या प्रतिकृतीत खेळाडूची नेमबाजी त्याच्या हंगामभराच्या सरासरीवरून ठरवतात. पण सामन्यात पस्तीस मिनिटे खेळणाऱ्याची ही सरासरी दमलेल्या मिनिटांसकट काढलेली असते, तर आठ मिनिटे खेळणाऱ्या राखीव खेळाडूची सरासरी जवळजवळ सगळी ताज्या पायांची असते. यावर सरसकट थकव्याची कपात लावली की पहिल्याला दुहेरी दंड बसतो, आणि दुसऱ्याला पस्तीस मिनिटे खेळवले तरी त्याचे पितळ उघडे पडत नाही. म्हणून कपात शून्यापासून न मोजता त्या खेळाडूच्या नेहमीच्या मिनिटांपासून मोजणे योग्य ठरते. महाविद्यालयीन खेळांना हा उपाय पूर्वीपेक्षा कमी उपलब्ध झाला, कारण माजी महाविद्यालयीन बास्केटबॉलपटू एड ओबॅनन यांनी विद्यार्थी-खेळाडूंच्या प्रतिमेच्या विनामोबदला वापराविरुद्ध 2009 साली दावा दाखल केला, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सची बास्केटबॉल मालिका त्याच वर्षीच्या आवृत्तीनंतर थांबली, आणि पुढे हा प्रकार चालू ठेवणाऱ्या खेळांनी मुख्यतः काल्पनिक खेळाडूंवर भिस्त ठेवली. काल्पनिक खेळाडूचा दमसास रचनाकार ठरवेल तितका असतो. त्याला ताळा उरत नाही.

ताळा पाहायचाच असेल तर त्याच वर्षीचा एक सामना पुरेसा आहे. 12 मार्च 2009 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सिरॅक्यूज आणि कनेटिकट यांच्यातील सामना जादा वेळेच्या सहा डावांपर्यंत लांबला आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर सिरॅक्यूजने तो 127-117 असा जिंकला. एकूण 70 मिनिटांपैकी सिरॅक्यूजचा जॉनी फ्लिन 67 मिनिटे मैदानात होता. आठ खेळाडू पाच-पाच वैयक्तिक चुका होऊन बाहेर गेले होते, म्हणजे प्रशिक्षकांपुढे बदलीचा पर्यायच आटत चालला होता. सिरॅक्यूजच्या संघाने दुसऱ्या रात्री वेस्ट व्हर्जिनियाला पुन्हा एकदा जादा वेळ खेळून हरवले, आणि तिसऱ्या रात्री स्पर्धेचा अंतिम सामना लुईव्हिलविरुद्ध 76-66 असा गमावला. एकच पट्टी असलेली प्रतिकृती फ्लिनला पहिल्या रात्रीच मैदानात कोसळवील आणि दुसऱ्या सामन्याच्या आरंभी पूर्ण ताजा करून उभा करील. या दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात घडल्या नाहीत, आणि जोवर एखादी प्रतिकृती हे तीन दिवस सलग, योग्य त्या उताराने, दाखवू शकत नाही तोवर तिच्यातल्या थकव्याला वास्तव म्हणता येणार नाही.