अंथरुणावरून पुन्हा वहीकडे

गेल्या भाद्रपदापासून आमच्या गटाची एक वही बंद होती. बचतीची नव्हे, ती दर महिन्याला उघडावीच लागते. ही ओव्यांची. आमच्या आज्ज्या, सासवा जात्यावर काय गात होत्या, ते आम्ही गावोगाव जाऊन उतरवून घेत होतो. लिहिणाऱ्या बाईचं पिशवीचं ऑपरेशन झालं आणि फिरणं थांबलं. तेव्हा आम्ही दुर्गाबाई भागवतांविषयी वाचायला घेतलं.

दुर्गाबाईंचा जन्म १९१० सालचा, इंदूरचा. पीएच.डी.साठी त्या मध्य प्रांतातल्या आदिवासींचा अभ्यास करायला निघाल्या. त्या काळात, एक बाई, रानातल्या वस्त्यांवर! तिथं त्यांना विषबाधा झाली. जीव वाचला, पण काही वर्षं अंथरुणात गेली. पीएच.डी. राहिली ती राहिलीच. धाकट्या बहिणीनं, कमला सोहोनींनी, १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवलेली. अशा घरात चार पाहुणे काय बोलून जातात, ते आपल्याला सांगायला नको.

पण पदवी राहिली म्हणून काम राहिलं नाही. १९५६ साली त्यांची दोन पुस्तकं आली. 'ऋतुचक्र'मध्ये महिन्यामहिन्याची झाडं, फुलं, आभाळ. 'लोकसाहित्याची रूपरेखा'मध्ये आपण ज्याला बायकांच्या गप्पा म्हणून सोडून देतो, त्या कहाण्यांचा आणि गाण्यांचा रीतसर अभ्यास. १९७१ साली 'पैस'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७५ साली आणीबाणीत, इथून जवळच कऱ्हाडला, त्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. जयप्रकाश नारायण तेव्हा तुरुंगातून आजारी होऊनच सुटले होते. त्यांना बरं वाटावं म्हणून बाईंनी भर मंडपात प्रार्थना करायला लावली. आजारपण अंगावर काढलेल्या बाईलाच हे सुचावं, असं आम्हाला वाटतं. पुढे त्यांनाही तुरुंगात जावं लागलं.

इतिहास म्हटला की आपल्याला पन्हाळा आणि ताराराणी आठवतात. ताराराणींची पत्रं तरी आहेत. पहाटे अंधारात दळायला बसलेल्या बाईचा कागद कुठला? तिचं माहेर, तिचा भाऊ, तिचा दुष्काळ, सगळं ओवीत. गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, ओवीही तिथंच थांबली.

वही बंद असताना आमच्या एक आज्जी गेल्या. त्यांच्या पाच ओव्या उतरवल्या होत्या. बाकीच्या 'पुढच्या खेपेला' म्हणून ठेवल्या होत्या.

आता लिहिणारीला जिना चढायचा नाही, एसटीचे हिसकेही सोसत नाहीत. म्हणून दर शुक्रवारी दुपारी आज्ज्याच तिच्या सोप्यात येतात. पहिल्या शुक्रवारी कुणालाच धड आठवेना. मग एकीनं माळ्यावरचं जातं खाली काढलं, आणि रिकामंच फिरवायला लागल्यावर ओवी आली. तुमच्या घरी कुणी आज्जी असतील तर घेऊन या. जातं धुऊन ठेवलंय.