धारेविना कापणारा प्रकाश

१/ डिलाईल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, लोअर परळचा रेल्वे कारखाना आहे. अशा कारखान्यांतील टर्नर-फिटरांचा एक जुना नियम होता: जो धातू कापायचा, त्याहून हत्यार कठीण हवे. विसाव्या शतकाच्या मध्यास हा नियम अपुरा पडू लागला.

२/ कारण ठरले जेट विमान. त्यासाठी टायटॅनियमचे आणि निकेलचे मिश्रधातू वापरात आले. टायटॅनियममधून उष्णता सहज वाहून जात नाही. ती हत्याराच्या टोकाशी साचते आणि धार जाते. निकेलचे मिश्रधातू तर कापता कापताच अधिक कठीण होतात.

३/ यावरील एका उत्तराचा धागा बारामतीपर्यंत पोहोचतो. कुमार पटेल यांचा जन्म तेथे १९३८ साली झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले. थिओडोर माइमन यांनी १९६० साली माणकाच्या कांडीतून पहिला लेसर साधला होता. पटेल यांनी बेल प्रयोगशाळेत १९६४ साली कार्बन डायऑक्साइड वायूतून अखंड लेसर किरण मिळवला. नायट्रोजनची जोड मिळताच त्याची शक्ती पुष्कळ वाढली.

४/ १९६७ साली इंग्लंडमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी ३०० वॅटच्या अशा किरणाला प्राणवायूच्या झोताची साथ देऊन १ मिलिमीटर जाडीचे पोलाद कापले. हत्यार धातूला शिवतच नव्हते. मग झिजणार काय? टायटॅनियम मात्र प्राणवायूत पेट घेते, म्हणून तेथे आर्गॉनचा झोत लागतो.

५/ टर्बाइनच्या पात्यांना थंड ठेवणारी छिद्रे मिलिमीटरहूनही बारीक असतात. ती पाडण्यासाठी मुख्यतः याग स्फटिकाचा लेसर वापरला गेला. तोही १९६४ सालचा, बेल प्रयोगशाळेतलाच.

६/ या रीतीत धोकाही होता. वितळलेला धातू छिद्राच्या भिंतीवर पुन्हा थिजतो आणि त्या थरात सूक्ष्म भेगा पडू शकतात. प्रचंड वेगाने फिरणाऱ्या पात्यात अशी भेग वाढली, तर प्रश्न प्रवाशांच्या जिवाचा असतो.

७/ १९८५ साली डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी अतिलघू स्पंद शक्तिमान करण्याची युक्ती शोधली; २०१८ साली तिला नोबेल मिळाले. असा स्पंद इतका क्षणिक असतो की, उष्णता आजूबाजूस पसरण्यापूर्वीच धातूचा कण उडून जातो. काम सावकाश होते, पण कडा स्वच्छ राहते.

८/ लेथवरच्या कारागिराला काळजी असे ती धारेची. लेसर चालवणाऱ्याला आज काळजी असते ती मागे राहिलेल्या उष्णतेची.