अंबरनाथ तालुका

अंबरनाथ तालुका हा महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील एक तालुका आहे. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर ही त्यातील दोन मोठी शहरे असून दोन्ही मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर आहेत. नगरांची वाढ झपाट्याने झाली असली तरी तालुक्याचा बराच भाग भातशेतीचा, डोंगराचा आणि आदिवासी पाड्यांचा आहे.

भूगोल

तालुक्याच्या दक्षिणेस रायगड जिल्हा असून पश्चिमेकडे मलंगगडाची डोंगररांग आहे. राजमाचीजवळ सह्याद्रीत उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळमार्गे बदलापुरास येते व पुढे कल्याणकडे जाते. बारवी ही तिची उपनदी. औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेल्या बारवी धरणातून कारखान्यांसह ठाणे जिल्ह्यातील अनेक शहरांना पाणी मिळते. धरणाची उंची वाढविताना मात्र काही गावे व पाडे पाण्याखाली गेले.

उल्हासचा पूर ही बदलापूरची जुनी समस्या आहे. २६ जुलै २००५ च्या पुराने शहराचे मोठे नुकसान केले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. तिच्यातील सुमारे एक हजार प्रवाशांची बोटींच्या साहाय्याने सुखरूप सुटका करण्यात आली.

वालधुनी नदी

काकोळे परिसरातील डोंगरात उगम पावणारी वालधुनी लांबीने लहान, पण तालुक्याचा इतिहास तिच्याच काठावर घडला. तिच्यावरील काकोळे येथील तलाव रेल्वेच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधला गेला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवरून तो आजही 'जीआयपी तलाव' म्हणून ओळखला जातो. काठावरचे शिवमंदिर शके ९८२ (इ.स. १०६०) मधील शिलालेखामुळे शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील ठरते. ते भूमिज शैलीचे असून गाभारा सभामंडपापेक्षा खोल आहे व तेथे पायऱ्या उतरून जावे लागते. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते.

मंदिराखालून वाहणारे पाणी पुढे अंबरनाथ व उल्हासनगरच्या वस्तीतून जाते. रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी, जीन्स धुण्याचे उद्योग आणि घरगुती मैला यांमुळे या टप्प्यात नदीचे नाल्यात रूपांतर झाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरजवळ नदीत रसायने सोडल्याने विषारी वायू पसरून शेकडो रहिवाशांना त्रास झाला. उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला.

शहरांचा विकास

अंबरनाथ पश्चिमेला आयुध निर्माणी आहे. याच भागात विम्को या आगपेटी कंपनीचा कारखाना होता. तो बंद पडला, तरी 'विम्को नाका' हे नाव टिकून आहे. शेजारच्या उल्हासनगरची जडणघडण निराळी आहे: दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसविले गेले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीस नदीवरून नाव मिळाले.

१९८३ मध्ये अंबरनाथ व बदलापूर कल्याण महानगरपालिकेत समाविष्ट झाली, पण १९९२ मध्ये ती वेगळी झाली व तेथे स्वतंत्र नगरपालिका आल्या. २०११ च्या जनगणनेनुसार अंबरनाथची लोकसंख्या २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ होती. मुंबईत घर परवडेनासे झालेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने बदलापुरात स्थायिक झाली आहेत.