ओढदांडा व पीटीओ जुळणी

ट्रॅक्टरमागे ओढायच्या यंत्राची ओढदांड्यावरील जोडखीळ आणि त्याला शक्ती देणारा पीटीओ शाफ्ट यांचा मेळ घालणे. सातारा-सांगलीत जुन्या ट्रॅक्टरचा हूक ऊस, विटा, मुरूम वाहणाऱ्या ट्रॉलीसाठी बसवलेला असतो. तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागेतला ओढता ब्लोअर किंवा ऊसपाचटाचा बेलर त्याच हुकाला लावला की शाफ्ट आणि हुकातल्या अंतराची खरी अडचण सुरू होते. रोटाव्हेटर तीन-बिंदू जोडणीवर उचललेला असल्याने हा प्रश्न तिथे येत नाही.

मिनिटाला 540 फेऱ्यांच्या, सहा खाचांच्या 1⅜ इंची शाफ्टसाठी जुने प्रमाण असे: शाफ्टच्या टोकापासून जोडखिळीच्या भोकापर्यंत आडवे अंतर 14 इंच. खीळ दोन युनिव्हर्सल जॉइंटच्या साधारण मध्यावर आली, तर वळताना दोन्ही जॉइंटचे कोन जवळपास सारखे राहतात. अंतर कमी पडले, तर वळणावर सरकत्या नळ्या एकमेकींवर आदळून बेअरिंग फुटते. जास्त झाले, तर शाफ्ट सुटून फिरता दांडा मोकळा होतो.

फर्ग्युसन टीई-20 सारख्या जुन्या ट्रॅक्टरचा शाफ्ट 1⅛ इंची असल्याने अ‍ॅडॉप्टर लागतो. त्याने शाफ्ट लांबतो आणि मोजलेले 14 इंच तितकेच घटतात. गॅरेजमध्ये नेमके हेच विसरले जाते. अवजाराचे फिरते जड चाक क्लच दाबल्यावरही ट्रॅक्टर पुढे रेटते, म्हणून शाफ्टवर एकाच दिशेने जोर देणारा क्लच घालतात. त्याचीही लांबी हिशेबात धरावी लागते.