जुन्या गाडीचा नवा जीव

पश्चिम बंगालच्या उत्तर टोकास, दार्जिलिंगच्या डोंगरांत, नेपाळच्या सरहद्दीला अगदीं खेटून मानेभंज्यांग नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथून सिंगलीलाच्या डोंगररांगेवर एक वाट चढत जाते व संदकफू या ठिकाणीं पोहोंचते. वाटेची लांबी अवघी तीस-एकतीस किलोमीटर. परंतु तेवढ्या अंतरांत ती सुमारें दोन हजार मीटर उंचीवरून निघून ३,६३६ मीटर उंची गांठते. पश्चिम बंगालमध्यें याहून उंच स्थळ नाहीं. कित्येक दशकें ही वाट म्हणजे दगडगोट्यांनीं भरलेला जणुं सुकलेला ओढाच होती. तिच्यावरून प्रवासी, वरच्या वस्त्यांचा किराणा आणि प्रसंगीं आजारी माणसें यांची ने-आण ज्या गाड्यांनीं केली, त्यांतील पुष्कळशा गाड्या १९४८ ते १९५८ या दहा वर्षांत इंग्लंडांत तयार झालेल्या लँड रोव्हर आहेत. ज्या देशांत त्या जन्मल्या तेथें अशा गाड्या संग्रहालयांत किंवा हौशी मालकांच्या गाडीखान्यांत दिसतात. येथें त्यांनीं मालकाच्या घरची चूल पेटती ठेवली आहे.

सत्तर वर्षें वयाची मोटार असल्या वाटेवर टिकते कशी, असा प्रश्न कोणासही पडेल. ‘जुनें तें सोनें’ असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण त्याच काळांतील इतर असंख्य मोटारी केव्हांच भंगारांत गेल्या, हें विसरून चालणार नाहीं. खरें उत्तर गाडीचें पुढचें झांकण वर उचललें म्हणजे दिसतें. बाहेरचें अंग विलायती आहे. परंतु आंतलें मूळचें एंजिन बहुतेक गाड्यांतून कधींच उतरलें असून त्याच्या जागीं महिंद्र कंपनीचें डिझेल एंजिन बसलेलें आहे. जो भाग झिजला, त्याच्या जागीं मिळेल तो भाग कापून, कांतून, जुळवून घातलेला आहे. मालकांनीं ही गाडी सतत बदलीत नेली, म्हणूनच ती टिकली. आणि तिला असें बदलतां आलें याचें कारण तिच्या जन्मकथेंत सांपडतें.

ती कथा अमेरिकेंत सुरू होते. दुसरें महायुद्ध युरोपांत पेटलें होतें, पण अमेरिका अजून त्यांत उतरावयाची होती. १९४० च्या जुलै महिन्यांत अमेरिकन लष्करानें १३५ कारखानदारांकडे मागणी धाडली. चारही चाकांना एंजिनाची ओढ असलेली, हलकी, टेहळणीच्या कामाची गाडी पाहिजे, आणि तिचा पहिला नमुना ४९ दिवसांत हजर झाला पाहिजे, अशी अट होती. ही मुदत पाळण्याचें धाडस पेनसिल्व्हानियांतील बटलर गांवच्या बँटम या लहानशा कंपनीनें केलें. कार्ल प्रॉब्स्ट या यंत्रविशारदानें आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं गाडी मेरीलंडमधील होलाबर्ड छावणींत दाखल झाली. पुढें मोठ्या प्रमाणावर गाड्या बांधण्याचें काम मात्र विलीस-ओव्हरलँड व फोर्ड या थोरल्या कंपन्यांकडे गेलें. युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. जगानें त्यांना जीप या नांवानें ओळखलें.

विलीसचें एंजिन साठ अश्वशक्तीचें होतें, आणि त्या मानानें गाडी चपळही होती. परंतु जीपचा खरा विशेष निराळाच होता. दोन्ही कारखान्यांच्या गाड्यांचे भाग एकमेकांस बसले पाहिजेत, असा लष्कराचा आग्रह होता. फोर्ड कंपनी आपल्या भागांवर, अगदीं बोल्टांच्या डोक्यांवरही, आपलें ‘एफ्’ हें अक्षर उमटवी. तरी तो बोल्ट विलीसच्या गाडींतही बिनतक्रार बसे. त्यामुळें तीन मोडक्या गाड्यांतून दोन चालत्या करणें हें काम हातांत पाना धरतां येणाऱ्या शिपायालाही साधे. सारे सांधे उघडे, सारे बोल्ट हाताला लागणारे. अशा रीतीनें दुरुस्ती ही कारखान्याची मिरास न राहतां गाडी वापरणाऱ्याच्या हातीं आली.

युद्ध संपल्यावर या गाड्या ठिकठिकाणीं मागें राहिल्या व विक्रीस निघाल्या. फिलिपाइन्स बेटांतील लोकांनीं अमेरिकन लष्करानें सोडलेल्या जीप घेतल्या, त्यांचा मागचा भाग लांबविला, समोरासमोर दोन बांकें टाकलीं, वर पत्र्याचें छत चढविलें आणि रंगीबेरंगी चित्रांनीं सजवून त्या उतारूंच्या वाहतुकीस लावल्या. हीच तेथील सुप्रसिद्ध ‘जीपनी’. पूर्वी घोड्याची गाडी हांकणाऱ्या लिओनार्डो साराओ यांनीं १९५३ सालीं मनिला शहरालगत अशा गाड्या बांधण्याचा कारखानाच काढला. इकडे भारतांत, स्वातंत्र्याच्या सुमारास, महिंद्र बंधूंच्या कंपनीनें मुंबईस माझगांव येथें सुट्या भागांच्या रूपानें आलेल्या विलीस जीप जोडण्यास आरंभ केला. या कंपनीचें नांव पुढें पुन्हां येणार आहे.

याच जीपनें इंग्लंडांतही एक नवें घराणें निर्माण केलें. रोव्हर कंपनीचे मुख्य यंत्रविशारद मॉरिस विल्क्स यांची वेल्समधील अँग्लसी बेटावर शेती होती. तेथें ते युद्धांतून उरलेली एक जीप कामाला वापरीत. ही झिजली म्हणजे काय करणार, असें त्यांचे बंधू स्पेन्सर यांनीं विचारलें, तेव्हां दुसरी जीपच घ्यावी लागेल, दुसरें कांहीं मिळतच नाहीं, असें मॉरिस यांनीं उत्तर दिल्याचें सांगतात. या घरगुती संभाषणांतून लँड रोव्हरची कल्पना निघाली. १९४७ सालीं तिचा जो पहिला नमुना सिद्ध झाला, तो जीपच्याच सांगाड्यावर बांधलेला होता. म्हणजे पहिली लँड रोव्हर ही स्वतःच फेरफार केलेली एक जीप होती! ३० एप्रिल १९४८ रोजीं अ‍ॅमस्टरडॅमच्या मोटार-प्रदर्शनांत ही नवी गाडी लोकांपुढें आली, तेव्हां तिच्या पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतरही जीपप्रमाणें ८० इंचच होतें.

त्या वेळीं इंग्लंडांत पोलादाचें रेशनिंग होतें. म्हणून गाडीचें अंग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचें केलें. पत्र्याला गोलाई देणारे मोठे साचे महाग, म्हणून तें अंग शक्य तितकें सपाट ठेवलें. सांगाडाही पोलादाच्या पट्ट्या एकमेकींस जोडून, चौकोनी नळीसारखा पोकळ बनविला. हे सारे उपाय तंगीचे होते, पण त्यांचा लाभ पुढें मालकांना झाला. सपाट पत्रा चेपला तर हातोडीनें सरळ करतां येतो; फारच बिघडला तर बोल्ट काढून दुसरा लावतां येतो. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाहीं. पोलादी सांगाडा मात्र कुजतो. पण तो मुळांत पट्ट्या जोडून केलेला असल्यामुळें कुजलेला तुकडा कापून नवा जोडणें हें गांवच्या वेल्डिंगवाल्यालाही जमण्यासारखें असतें.

दार्जिलिंगकडे या गाड्या आणल्या त्या चहाच्या मळ्यांवरील इंग्रजांनीं. ते मायदेशीं परतले. गाड्या येथेंच राहिल्या आणि हळूहळू डोंगरांतील लोकांच्या हातीं आल्या. पुढें मूळचे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हां मालकांपुढें दोनच मार्ग उरले: गाडी मोडींत घालावी, किंवा तिचें अंतरंग बदलावें. त्यांनीं दुसरा मार्ग धरला.

एंजिन बदलणें हें दिवा बदलण्याइतकें सोपें काम नाहीं. परकें एंजिन जुन्या गिअरपेटीस आपोआप जुळत नाहीं. दोहोंच्या मध्यें, अचूक छिद्रें पाडलेली जाड लोखंडी तबकडी घालून एंजिनाचा व पेटीचा दांडा एका रेषेंत आणावा लागतो. ही रेषा किंचित् चुकली तरी क्लच व बेअरिंगें थोड्याच दिवसांत निकामी होतात. डिझेल एंजिन पेट्रोलच्या एंजिनाहून जड, म्हणून पुढच्या पाट्यांना बळकटी द्यावी लागते. त्याचा हादराही अधिक, म्हणून त्याच्या बैठका सांगाड्यावर नव्यानें बसवाव्या लागतात. परंतु या खटाटोपाचा मोबदलाही तसाच मिळतो. डिझेल एंजिन थोड्या फेऱ्यांवरच भरपूर जोर देतें, आणि खड्या चढावर सावकाश, न अडखळतां चढण्यास नेमका हाच गुण लागतो. त्याला इंधन कमी लागतें. आणि त्याचे भाग देशांतल्या बाजारांत सहज मिळतात. जीप झिजल्यावर काय करावें, या चिंतेंतून जी गाडी इंग्लंडांत जन्मली, तिला भारतांत जगविलें तें जीप जोडतां जोडतां मोठ्या झालेल्या कंपनीच्या एंजिनानें. इतिहासाचें चक्र असें फिरून जागच्या जागीं आलें.

खुद्द इंग्लंडांत जुन्या लँड रोव्हरवर प्रेम करणारांची दृष्टि निराळी आहे. तेथें १९४८ सालची ‘एचयूई १६६’ या क्रमांकाची आरंभींची गाडी जपून ठेवलेली आहे. हौशी मालक मूळचाच बोल्ट, मूळचाच रंग मिळविण्यासाठीं वर्षें खर्ची घालतात. २०१६ सालीं तर कंपनीनेंच पहिल्या मालिकेंतील जुन्या गाड्या मूळ स्थितींत आणून विकण्याचा उपक्रम हातीं घेतला. ही निष्ठा खोटी म्हणतां येणार नाहीं. मूळ वस्तु कशी होती हें पुढच्या पिढीला तिच्यामुळेंच कळतें. परंतु मानेभंज्यांगच्या मालकाची निष्ठाही कमी प्रतीची नाहीं. गाडी ज्या कामासाठीं निर्माण झाली तें काम त्यानें तिच्याकडून करून घेतलें, आणि त्यासाठीं लागला तो फेरफार केला.

अशा फेरफारांना दुसरीही बाजू आहे, ती न्यायानें मांडली पाहिजे. गाडी रस्त्यावर एकट्या मालकाची नसते. तिच्यांत उतारू बसतात, तिच्यासमोरून इतर लोक जातात. अंदाजानें केलेला बदल जिवावर बेतूं शकतो. म्हणून आपल्याकडील १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, कांहीं अपवाद वगळतां, कारखानदारानें ठरविलेल्या मूळ घडणीशीं विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई केली आहे. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही या कलमाचा अर्थ काटेकोरपणें लावला. फिलिपाइन्समध्यें २०१७ सालीं सरकारनें जुन्या जीपनी काढून त्या जागीं कमी धूर सोडणाऱ्या नव्या गाड्या आणण्याची योजना जाहीर केली, तेव्हां चालकांनीं संप पुकारले. शहराची हवा शुद्ध असावी हें कोण नाकारील? पण नव्या गाडीचें कर्ज डोक्यावर घेणें ज्याला परवडत नाहीं, त्याच्या संसाराचें काय, हाही प्रश्न तितकाच खरा होता.

मानेभंज्यांगलाही काळ थांबलेला नाहीं. संदकफूच्या वाटेचा मोठा भाग अलीकडे काँक्रीटचा झाला आहे, आणि तिच्यावर नव्या गाड्याही धांवूं लागल्या आहेत. जुन्या गाड्यांची संख्या घटत आहे. त्यांतील एखादी मोडींत निघाली तर केवळ लोखंड व अ‍ॅल्युमिनियम जातें असें नाहीं. कोणता भाग कोणत्या भागाला कसा जुळतो, कोणता आवाज कशाची खूण, चढावर एंजिन केव्हां दम घेतें, हें ज्ञान कोणत्याही पुस्तकांत लिहिलेलें नाहीं. तें मालकाकडून मुलाकडे, मिस्त्रीकडून उमेदवाराकडे हातोहात आलेलें आहे. काम संपलें म्हणजे तें ज्ञानही संपतें.

आजच्या मोटारींत एंजिनाचा कारभार विजेच्या सूक्ष्म यंत्रणेकडे आहे. तिच्यांतील दोष शोधावयासही कारखान्याचें साधन लागतें, आणि तें साधन सामान्य मिस्त्रीपाशीं नेहमीं असतेंच असें नाहीं. या गाड्या अधिक सुरक्षित व कमी धुराच्या आहेत यांत शंका नाहीं. परंतु त्यांच्या मालकाच्या हातून पाना हळूहळू निसटत आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें जुलै २०२२ मध्यें वस्तूंच्या दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं एक समिती नेमली, आणि तिच्या कक्षेंत मोटारींचाही समावेश केला. विकत घेतलेली वस्तु आपण उघडूं शकावें, समजून घेऊं शकावें आणि दुरुस्त करूं शकावें, एवढीच या हक्कामागील साधी मागणी आहे. कायद्याची भाषा ठाऊक नसतांनाही मानेभंज्यांगच्या चालक-मालकांनीं ती अनेक दशकें रोज सकाळीं गाडीचें झांकण उघडून प्रत्यक्षांत आणली.